बिशप परत आला

नोव्हेंबर लागला की आमच्याकडे जे म्हणून हलतं त्याच्या अंगावर नारिंगी चढतं. हरणांच्या शिकारीचा महिना. पोस्टमन नारिंगी टोपी घालतो, चर्चच्या पाद्रीबाई कोटावर नारिंगी बंडी चढवून गाडीपर्यंत जातात, कुत्र्यांच्या गळ्यात नारिंगी फडकी बांधतात. दोरीवर पांढरा कपडा वाळत घालायची तर कुणाची छाती होत नाही, कारण झाडांआडून पांढरं हललं की कुणीतरी उतावळा हरणाची शेपटी समजून गोळी सोडतो. तेव्हा ग्लेनिस फार्नमने आपल्या बोक्याला नारिंगी बंडी शिवली यात हसण्यासारखं काही नव्हतं. हसला तो फक्त तिचा नवरा.

“बोक्याला बंडी!” एल्ब्रिज म्हणाला. “उद्या पायमोजे विणशील.”

“विणीन की. तुला विणले ते अजून कपाटात पडलेत. तो निदान घालेल तरी.”

बोक्याचं नाव बिशप. कून जातीचा. आमच्या मेन राज्यात ही मांजरं घरोघरी आहेत, त्यामुळे आम्हाला त्यांचं काही वाटत नाही, पण परगावचा माणूस पहिल्यांदा पाहतो तेव्हा उतरलेला गाडीत परत जाऊन बसतो. बिशप मागच्या दोन पायांवर उभा राहिला की ओट्यावरचं लोणी चाटायचा. कानांच्या टोकाला केसांचे झुपके, पंजे केसाळ आणि रुंद, आणि छातीवर बिशपच्या झग्यासारखा असा काही पांढराशुभ्र झुबका की नाव दुसरं ठेवताच आलं नसतं. एवढा धिप्पाड देह, आणि आवाज मात्र चिमणीच्या पिलाचा. एल्ब्रिज त्याला चारचौघांत नावं ठेवायचा आणि ग्लेनिस बाहेर गेली की मांडीवर घेऊन बसायचा. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण फार्नमांच्या स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यावर आहे.

एल्ब्रिज माणूस वाईट नव्हता. तिरसट होता, एवढंच. उभा जन्म त्याने गावच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचा ट्रक चालवला, आणि एकट्याने ट्रक चालवणाऱ्या माणसाला गोड बोलायची सवय राहत नाही. खोटं मात्र त्याला येत नसे. सासूच्या वाढदिवसाला सगळे वा वा करत असताना “केक कोरडा झालाय” असं तिच्या तोंडावर सांगणारा गडी तो.

तर त्या नोव्हेंबरात एका सकाळी ग्लेनिस शेजारच्या गॅरेजात गेली होती. गावातल्या बायका तिथे बसून फर नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या डहाळ्यांची नाताळची गोल तोरणं बांधतात. इकडे बिशप दाराशी उभा राहून चिवचिवायला लागला. बंडी खुंटीवर होती. हात लांब करायचा अवकाश होता. पण एल्ब्रिजने दारच उघडलं.

“जा बाबा, बोक्यासारखा जा,” तो म्हणाला. “नटूनथटून कशाला?”

बिशप गेला, तो गेलाच.

त्यांनी शोधला हो. दोघांनी मिळून शोधला, वेगवेगळं शोधलं, लाकडांच्या शेडखाली, मागच्या दलदलीच्या काठाने, ब्लूबेरीच्या उघड्या माळावर. ग्लेनिस हाका मारून मारून घोगरी झाली. बंडी खुंटीवर लटकलेली तिने पहिल्याच दिवशी पाहिली होती, पण बोलली नाही. ती बोलली शनिवारी, चर्चच्या तळघरातल्या घेवड्याच्या जेवणात. आमच्याकडे दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या तळघरात हे जेवण असतंच. रात्रभर भट्टीत शिजलेला घेवडा, काळा गोडसर पाव, आणि लांब टेबलांवर अख्खं गाव. तिथे कुणीतरी सहज विचारलं की बोका सापडला का. एल्ब्रिजला गप्प बसता आलं असतं.

“बोकाच तो,” तो म्हणाला. “गेला असेल कुठल्या मांजरीमागे.”

ग्लेनिसने चमचा खाली ठेवला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मी ती बंडी त्याच्यासाठी शिवली होती,” ती म्हणाली, “आणि तुला एक हात वर करता आला नाही. ऐका सगळे. बिशप त्या उंबऱ्यावर परत येईल त्या दिवशी मी येईन. उद्या बाहेर पडले की तोवर मी त्या घरात पाऊल ठेवायची नाही.”

टेबलावर घेवड्याचं भांडं फिरत होतं ते थांबलं, मग पुन्हा फिरलं. आमच्या गावात असं तळघरात बोललेलं मागे घेता येत नाही. दगडावर कोरलेलं पुसता येईल एखादवेळेस, पण हे नाही. दुसऱ्या दिवशी तिची बहीण म्यूरिअल एल्सवर्थहून गाडी घेऊन आली आणि ग्लेनिस एक पिशवी घेऊन तिच्याबरोबर गेली. एल्ब्रिज दारात उभा होता. “जातेस तर जा” असं म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण त्याने ते गिळलं. तेवढी एक अक्कल त्याला झाली.

मग बर्फ पडायला लागला, आणि एल्ब्रिजला घर खायला उठलं.

बर्फ पडला की तो आधी अंगण साफ करायचा, आणि अंगणातही आधी दारासमोरची जागा, जिथे म्यूरिअलची गाडी उभी राहील तेवढी. तिथे गाडी लावणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी तो ती जागा खिडकीतून बघत बसायचा आणि पुन्हा जराशी भुरभुर पडली तर पुन्हा फावडं घेऊन बाहेर जायचा. ग्लेनिसचं अर्धं बांधलेलं तोरण टेबलावर तसंच पडलं होतं. त्याची सुकलेली पानं गळायची. एल्ब्रिज ती भोवतीने झाडायचा, तोरणाला हात लावायचा नाही. तिचा घरात घालायचा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर होता, आणि त्या खुर्चीवर तो बसेनासा झाला. तिची आठवण यायची असं म्हणणं काही खरं नाही. आठवण यायला आधी विसरावं लागतं.

दर रविवारी फोन यायचा. तिचाच.

“बिशप आला?”

“नाही.”

“बरं.” मग, “पंप गोठला का?”

“गोठला होता. सोडवला.”

“जेवतोस ना?”

“जेवतो.”

“काय जेवतोस?”

“डब्यातलं.”

“कसल्या डब्यातलं?”

“वाचलं नाही,” एल्ब्रिज म्हणायचा. त्यावर ती हसलीशी वाटायची, पण फोनवर काय कळतंय. मग म्यूरिअल हाक मारते म्हणून ती ठेवून द्यायची, आणि हा बराच वेळ फोन कानाला लावून उभा राहायचा. किती सांगायचं असायचं त्याला! आणि तिचा आवाज कानावर पडला की जिभेला कुलूप लागायचं.

जानेवारीच्या मध्यावर डॉटच्या दुकानात ते चित्र लागलं. डॉटचं दुकान म्हणजे गावातलं एकुलतं एक. तिथे कॉफी मिळते, काडतुसं मिळतात, आणि दुसऱ्यांच्या घरातलं सगळं कळतं. रॉयस नावाचा एक कुत्रेवाला आहे आमच्याकडे. शिकारी कुत्रे पाळतो आणि हिवाळ्यात त्यांच्याकडून रानमांजरं झाडावर चढवून मारतो, कातडी विकतो. त्याने दलदलीत झाडाला कॅमेरा बांधला होता, पुढून काही गेलं की आपोआप चित्र काढणारा. त्यातलं एक त्याने मोठं करून आणलं आणि डॉटने ते काउंटरमागे चिकटवलं.

“धूड बघ काय आहे,” रॉयस म्हणाला. कानांवर झुपके, गालांना कल्ले, बर्फात रुतलेले रुंद पंजे. “असं रानमांजर मी दहा हिवाळ्यांत पाहिलं नाही. ठसे पाहशील तर बशीएवढे.”

“शेपटी कुठंय?” डॉटने विचारलं.

“इथल्या रानमांजराला शेपटी असते कुठे बाई? बोटभर. ती राहिली चित्राच्या बाहेर.”

अर्धं मांजर चित्राबाहेर राहिलं होतं खरं, पण गावातल्या शहाण्यांना तेवढ्यावरून वजनही सांगता येत होतं. पैजा लागल्या. एल्ब्रिज कॉफीचा कप हातात धरून चित्राकडे बघत राहिला.

“कुठे काढलंस?”

“तुझ्याच मागे. शेडच्या पलीकडे, जिथून दलदल सुरू होते तिथे.”

एल्ब्रिजने कप काउंटरवर आदळला.

“यानेच खाल्ला,” तो म्हणाला. “यानेच माझा बिशप खाल्ला.”

कुणी हसलं नाही. ‘माझा बिशप’ असं तो पहिल्यांदाच म्हणाला होता. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी एल्ब्रिजला बरं वाटलं. इतके दिवस गुन्हेगार एकच होता आणि तो रोज आरशात दिसायचा. आता दुसरा मिळाला. त्या जनावराने बोका खाल्ला, आणि बोका खाल्ला म्हणून बायको गेली. त्याने रॉयसला तिथेच सांगितलं, “कुत्रे आण. मी येतो बरोबर.”

नव्या बर्फाची सकाळ पाहून रॉयस आला. कुत्र्यांना शेडमागेच वास लागला आणि ते भुंकत दलदलीत घुसले. हे दोघं मागून, गुडघाभर बर्फात. एल्ब्रिजचं वय काही असल्या धावाधावीचं नव्हतं. छाती भात्यासारखी चालली होती, पण थांबतो कशाला! रॉयस वाटेत ठसे दाखवत होता. “बघ, कडा कशा फिसकटल्यात. पंजाच्या खालीसुद्धा केस आहेत लेकाच्या.” तेव्हा तरी दोघांपैकी एकाला काही सुचायला हवं होतं. नाही सुचलं. जे मारायला निघालो ते रानमांजर, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं.

कुत्र्यांचा आवाज एका जागी थांबला. एका जाड फरच्या बुंध्याशी ते उड्या मारत होते, आणि वर, फांदीच्या बेचक्यात, ते बसलं होतं.

“हिशेब तुझा आहे,” रॉयस म्हणाला. “पहिली गोळी तुझी.”

एल्ब्रिजने बंदूक खांद्याला लावली. दुर्बिणीतून त्याला झुपकेदार कान दिसले, फुललेले कल्ले दिसले, पिवळे डोळे दिसले. तू माझं घर मोडलंस, असं त्याने मनात म्हटलं. बोट घोड्यावर आलं. तेवढ्यात खालच्या कुत्र्याने उंच उडी घेतली, मांजर दचकून वरच्या फांदीवर सरकलं, आणि त्याच्यामागून शेपटी खाली लोंबली. बाटल्या धुवायच्या ब्रशासारखी फुललेली, चांगली हातभर लांब शेपटी.

“थांब! थांब, अरे देवा!” रॉयस ओरडला. पण एल्ब्रिजची बंदूक त्याआधीच खाली आली होती.

“बिशप!” त्याच्या तोंडून निघालं. “बिशप, अरे मी आहे! मी आहे रे! खाली ये!”

वरून चिमणीच्या पिलाचा आवाज आला.

एल्ब्रिज रडायला लागला. मोठ्याने, लहान पोरासारखा, नाक पुसायचंही भान नाही. रॉयसने मान वळवली आणि कुत्रे ओढून लांब झाडाला बांधले. एल्ब्रिजच्या खिशात दुपारच्या खाण्यासाठी सार्डिन मासळीचा डबा होता. तो त्याने उघडला आणि वर धरला. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती स्वारी उलट्या पायांनी, सालीवर नखं खरखरवत, थांबत थांबत खाली आली आणि सगळा डबा चाटून मोकळी झाली. त्याने उचलून कोटाच्या आत घेतलं. मोठं अंग, पण आत नुसती हाडं लागत होती.

ट्रकमध्ये बसल्यावर त्याने कोट उघडला. छाती राखाडी होती.

“मळलाय,” एल्ब्रिज म्हणाला. त्याने अंगठा ओला करून छातीवरचे केस घासले. “इतके दिवस रानात म्हणजे मळणारच. पांढऱ्याचं राखाडी व्हायला कितीसा वेळ.” तो घासत राहिला.

“एल्ब्रिज,” रॉयस हळूच म्हणाला.

“काय?”

“ही मांजरी आहे.”

एल्ब्रिजचा अंगठा थांबला. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. रॉयसच बोलत राहिला, काहीतरी बोलायला हवं म्हणून. “तळ्यावरच्या बंगल्यातल्या लोकांची असणार. उन्हाळाभर लाड करतात, आणि थंडी पडली की मांजर इथे आणि हे पाहुणे बॉस्टनला. दरवर्षी सोडून जातात मेले. सप्टेंबरपासून जगलीय ही त्या दलदलीत, कमाल आहे.”

एल्ब्रिजच्या मनात काय चाललं होतं ते काही फार अवघड नव्हतं. बिशप नाही, म्हणजे ग्लेनिस नाही. पण मांडीवर कून मांजर आहे, तेवढंच मोठं, तसंच झुपकेदार, तसंच चिवचिवणारं. तो आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता, आणि आता बोलायचं म्हणताच त्याच्या कपाळावर घाम आला.

“रॉयस, तू काय पाहिलंस?”

रॉयसने गाडी सुरू केली. “मी? मी कुत्रे आवरत होतो बाबा.”

त्या दिवशी रविवार नव्हता. एल्ब्रिजने स्वतः फोन लावला, पहिल्यांदा.

“बिशप परत आला,” तो म्हणाला.

“काय म्हणालास?”

“आला. उंबऱ्यावर आला. म्हणजे मी आणला. म्हणजे आलाच तो.”

“नीट पाहिलास?”

“पाहिला.”

“बिशपच आहे?”

“बिशपच.” त्याचा आवाज चिरकला. “वाळलाय जरा. आणि रंग... काळवंडलाय.”

“बरं,” ग्लेनिस म्हणाली. “उद्या सकाळी येते.”

त्याने तिला आंघोळ घातली, म्हणजे मांजरीला. हातभर ओरखडे झाले, पण राखाडी ते राखाडीच. पीठ लावून बघावं असंही त्याच्या मनात येऊन गेलं, यावरून माणसाची दशा कळावी. सकाळी म्यूरिअलची गाडी दारासमोरच्या साफ केलेल्या जागेत येऊन उभी राहिली. ग्लेनिस आत आली, कोट न काढता चुलीजवळ गेली आणि खाली वाकली. मांजरीने डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहिलं.

“काळवंडलाय खरा,” ग्लेनिस म्हणाली. मग तिने कोट काढून खुंटीला लावला, खुर्चीवरचा स्वेटर अंगात घातला आणि विचारलं, “कॉफी आहे का घरात, की तीही डब्यातली?”

असा संसार पुन्हा सुरू झाला. गाव एल्ब्रिजला म्हणायचं, नशीबवान आहेस. आणि एल्ब्रिज? तो पार पोखरून गेला होता. बायको समोर बसून विणते आहे, स्वयंपाक करते आहे, त्याच्या बुटांवरून बोलते आहे, आणि याला वाटतं ही उसनी आणलीय, कधीही परत द्यावी लागेल. ती एल्सवर्थला होती तेव्हा तिची जेवढी ओढ लागली नव्हती तेवढी आता लागायची, ती हाताच्या अंतरावर असताना. ती नुसती जिना चढून वर गेली तरी तो कान देऊन पावलं ऐकायचा. एवढी हुशार बाई, तिला कळत कसं नाही, याचंही त्याला नवल वाटायचं. ती “बिशप” अशी हाक मारायची आणि मांजरी ढुंकूनही बघायची नाही.

“रानात राहून कान जड झाले असतील,” ग्लेनिस म्हणायची.

“झाले असतील,” एल्ब्रिज म्हणायचा आणि लाकडं आणायला बाहेर पळायचा.

फेब्रुवारी संपता संपता मांजरी गोल दिसायला लागली.

“खातो फार,” एल्ब्रिज म्हणाला.

“पुरुषाची जात,” ग्लेनिस म्हणाली. “फुकटचं मिळालं की पोट सुटतं.”

आमच्याकडे मार्च म्हणजे चिखलाचा महिना. वरचा बर्फ वितळतो, खालची जमीन गोठलेलीच असते, आणि रस्त्यांचा नुसता लापशीसारखा काला होतो. अशाच एका सकाळी एल्ब्रिज दारात बुटांचा चिखल खरवडत होता. आतून हाक आली.

“एल्ब्रिज, इकडे ये. बिशपला पोरं झालीत.”

तो एका पायात बूट, एका पायात मोजा असा आत गेला. लोकरीच्या टोपलीत मांजरी आडवी पसरली होती आणि ओली पिल्लं ओळीने तिला चिकटली होती. ग्लेनिस शेजारी जमिनीवर बसली होती, तिचा चेहरा अगदी गंभीर.

आता संपलं, एल्ब्रिजला वाटलं.

“ग्लेनिस, मला तुला एक सांगायचंय.”

“सांग.”

“हा बिशप नाही.”

“नाही?” ती म्हणाली. “मला आत्ताच कुठे संशय यायला लागला होता.”

पण एल्ब्रिजला थट्टा कळायची शुद्ध नव्हती. “मी खोटं बोललो. मला त्याच दिवशी कळलं होतं. रॉयसने तिथेच सांगितलं. तू बोलली होतीस सगळ्यांसमोर, आणि मला दुसरं काही सुचेना. तुला जायचं असेल तर जा, तुझा हक्क आहे. म्यूरिअलला फोन मी करतो. फक्त आज नको जाऊस. रस्ते... रस्त्यांवर चिखल फार आहे.”

ग्लेनिस हसायला लागली आणि मधेच तिचं हसू मोडलं.

“खाली बस,” ती म्हणाली. तो बसला. “बिशप मेलाय, एल्ब्रिज. मी गेले त्या सकाळीच मला सापडला. म्यूरिअल यायच्या आधी एकदा शेवटचं बघून यावं म्हणून मी मागच्या लाकडांच्या वाटेवर गेले होते. गोळी लागली होती. कुणीतरी रानमांजर समजून घातली असणार. जवळ जाऊन शेपटी पाहिली असणार आणि पळाला असणार. पानांनी झाकून ठेवलं होतं त्याला, तेवढं मात्र केलं होतं. मी माझ्या ॲप्रनमध्ये गुंडाळला आणि पुरला.”

एल्ब्रिज तिच्याकडे बघतच राहिला. “आणि मला सांगितलं नाहीस.”

“रागात होते. म्हटलं, शोधू दे. झुरू दे. वाईट आहे मी, आहेच. मग आठवड्यात राग उतरला, पण तोवर माझा शब्द गावभर झाला होता. बिशप येईल तेव्हा येईन म्हणाले होते. मेलेला बोका उंबऱ्यावर कसा येणार? मीच मला बाहेर कोंडून घेतलं.”

“मग दर रविवारी विचारायचीस ते? बिशप आला का म्हणून?”

“दुसरं काय विचारणार होते? तुझी आठवण येते म्हणू? ‘नाही’ म्हणायला तरी तू तोंड उघडायचास. तेवढाच आवाज ऐकू यायचा.” तिने स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. “आणि मग तू फोन केलास. माझ्या आईला केक कोरडा आहे म्हणणारा माणूस! तो फोनवर घाम गाळतोय आणि सांगतोय, आला, म्हणजे मी आणला, म्हणजे आलाच तो. मला माहीत आहे बिशप कुठे आहे ते, माझ्या हातांनी माती लोटलीय मी. आणि तू माझ्यासाठी खोटं बोलायला शिकलास. मी ‘बरं’ म्हणत होते ना, तेव्हाच एका हाताने पिशवी भरत होते.”

टोपलीत एक पिल्लू ओळीतून सुटलं आणि किंचाळलं. मांजरीने ते पंजाने परत ओढून घेतलं.

“कुठे पुरलास?” एल्ब्रिजने विचारलं.

ती त्याला घेऊन गेली. चिखलातून, उरलेल्या बर्फाच्या चकत्या चुकवत, ती तोरणांसाठी डहाळ्या तोडायची त्या फरच्या झाडाखाली. तिथे एक सपाट दगड होता, दुसरं काही नाही. एल्ब्रिजने टोपी काढली. सगळा हिवाळा मनाच्या एका कोपऱ्यात तो दार उघडं ठेवून बसला होता. टोपलीतल्या मांजरीला खाऊ घालतानासुद्धा त्याला वाटायचं, खरा येईल एखाद्या दिवशी. आता कुणी येणार नव्हतं.

“माझं चुकलं रे,” तो दगडाला म्हणाला. मग ग्लेनिसकडे वळला. “मी फार वाट पाहिली गं.”

“त्याची?”

“त्याची पण. तुझी फार. तुझी... तुला नाही कळायचं.”

“मग सांग की,” ग्लेनिस म्हणाली.

आणि उभ्या जन्मात सासूच्या केकवर एक वाक्य आणि पंपावर दोन वाक्यं बोललेला तो माणूस त्या चिखलात उभा राहून बोलायला लागला. दारासमोरची जागा, खुर्चीवरचा स्वेटर, न वाचलेले डबे, बंद झालेला फोन कानाला लावून उभं राहणं, सगळं. ग्लेनिस ऐकत होती. पाय गार पडले तेव्हा तिने त्याच्या हातातली टोपी घेऊन त्याच्या डोक्यावर घातली.

“घरी चल,” ती म्हणाली. “उरलेलं आत बसून सांग.”

“अजून खूप आहे,” एल्ब्रिज म्हणाला, आणि बोलत बोलतच तिच्यामागून निघाला.